नियमशास्त्र आज कसे पाळावे : दिंडोरीच्या एका तरुणाला उत्तर

दिंडोरी तालुक्यातील एका तरुणाने मला सविस्तर पत्र लिहून काही प्रश्न विचारले आहेत. तो सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो, घरी वडिलांची द्राक्षबाग आहे आणि सगळे कुटुंब बऱ्याच वर्षांपासून एका प्रार्थनागटात जाते. त्या गटाच्या पुढाऱ्याने त्याच्या आजीला असे सांगितले की, तिच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण असल्यामुळे, बायबलातील लेवीय या पुस्तकाच्या १९:२८ प्रमाणे, ती प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, घेण्यास पात्र नाही. त्याच गटात डुकराचे मांस निषिद्ध मानतात, उपासना शनिवारीच झाली पाहिजे असे शिकवतात आणि पगाराचा दशांश कपातीच्या आधीच्या रकमेवर मागतात. याउलट नाशिकरोडचा त्याचा एक मित्र म्हणतो की आपण कृपेखाली आहोत, नियमशास्त्र संपले आहे, जुना करार वाचला नाही तरी चालेल. दोघेही वचने दाखवतात, तर मी कोणाचे ऐकू, असे त्याने विचारले आहे. पत्राच्या शेवटी, दशांशावरून घरात वाद होतो हे सांगताना, त्याने आणखी एक वाक्य लिहिले आहे : व्यापाऱ्याकडे पैसे अडकल्यामुळे वडिलांनी मागच्या हंगामातील मजुरांची काही मजुरी अजून दिलेली नाही. या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे.

मी नाशिकमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ जुना करार शिकवत आलो आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे जितक्या वेळा आला तितका दुसरा कोणताही आला नाही. म्हणून थोडे सावकाश उत्तर देतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपल्या मराठी शास्त्रात मोशेच्या पाच पुस्तकांना आणि त्यांतील आज्ञांना नियमशास्त्र म्हटले आहे, त्याला हिब्रूत तोरा म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ शिकवण, वाट दाखवणे असा आहे. नियम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कलमे आणि दंड येतात. तोरामध्ये मात्र आज्ञांबरोबर अब्राहामाचा प्रवास आहे, योसेफाचे अश्रू आहेत, रानातली कुरकुर आहे. यहुदी परंपरेने तोरामधील आज्ञा ६१३ मोजल्या आहेत, त्यांपैकी २४८ करावयाच्या आणि ३६५ टाळावयाच्या, आणि बाराव्या शतकात मैमोनिदेस या यहुदी पंडिताने त्यांची प्रसिद्ध यादी केली. यांतील कितीतरी आज्ञा मंदिर, याजक, यज्ञ आणि कनान देशाची भूमी यांच्याशी बांधलेल्या आहेत, आणि इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडल्यापासून त्यांपैकी बऱ्याच यहुदी समाजालाही पाळता येत नाहीत. तेव्हा आम्ही संपूर्ण नियमशास्त्र पाळतो, असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात काही आज्ञा निवडून पाळत असतो. प्रश्न एवढाच उरतो की ही निवड कोणत्या आधारावर करायची, आणि ती आपल्या सोयीने करायची की ख्रिस्ताकडे पाहून.

दहा आज्ञांची सुरुवात पाहा. निर्गम २०:२ मध्ये पहिली आज्ञा येण्यापूर्वी परमेश्वर सांगतो की तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा तो मीच. म्हणजे आधी सुटका झाली, समुद्र ओलांडून झाला, मान्ना खाऊन झाला, आणि मग सीनाय पर्वताजवळ आज्ञा मिळाल्या. आज्ञा पाळल्या तर सोडवीन, असे दासांना कोणी सांगितले नव्हते. ज्यांना फारोने माणूस म्हणून जगू दिले नव्हते त्यांना, आता मोकळी माणसे म्हणून एकमेकांशी कसे वागायचे, हे त्या आज्ञा शिकवत होत्या. हा क्रम जो विसरतो त्याच्या हातात नियमशास्त्र पुन्हा दास्यगृह होते, आणि गलतीकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौल ज्याच्यावर एवढा संतापला ती गोष्ट हीच होती. त्या मंडळ्यांतील परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना कोणी सांगत होते की ख्रिस्त पुरेसा नाही, सुंता केली तरच तुम्ही देवाचे. पौलाचे उत्तर असे की नियमशास्त्र आपले बालरक्षक होते. त्या काळी श्रीमंत घरात मुलाला शाळेत नेणारा, त्याच्यावर डोळा ठेवणारा, प्रसंगी चापट मारणारा एक दास असे, त्याला हा शब्द आहे. मुलगा मोठा झाला की बालरक्षकाचा हात सुटतो. हात सुटला म्हणून मुलगा शिकलेले अक्षर पुसून टाकत नाही.

याच प्रश्नावर इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि वडील एकत्र जमले. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये त्यांचा निर्णय आहे : परराष्ट्रीयांवर सुंतेचे आणि मोशेच्या सगळ्या नियमशास्त्राचे ओझे लादायचे नाही, त्यांनी मूर्तींना वाहिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मेलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म एवढ्यापासून दूर राहावे. हा निर्णय ज्यांनी केला ते स्वतः यहुदी होते आणि नियमशास्त्रावर त्यांचे मनापासून प्रेम होते, म्हणून त्याचे वजन अधिक आहे. ख्रिस्ताच्या कार्यात काही भर घालावी लागते, असे सुचवणारी कोणतीही आज्ञापालनाची मागणी ख्रिस्ती मंडळीने मान्य करू नये, हे मी येथे निःसंकोचपणे सांगतो.

तुमच्या मित्राचे म्हणणेही मला तितकेच अमान्य आहे. जुना करार बाजूला ठेवावा असे म्हणणारा पहिला प्रसिद्ध माणूस दुसऱ्या शतकातला मार्सियन. त्याने जुना करार सोडलाच, शिवाय नव्या करारातूनही बरेच कापून काढले, आणि इसवी सन १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर केले. जुना करार काढून टाकला तर खुद्द येशूचे बोलणे समजत नाही. रानात सैतानाने तीनदा मोहात पाडले तेव्हा येशूने तिन्ही उत्तरे अनुवाद या मोशेच्या पाचव्या पुस्तकातून दिली. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारल्यावर त्याने पहिली अनुवाद ६:५ मधून घेतली आणि दुसरी, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची, लेवीय १९:१८ मधून. आजीला ज्या अध्यायाने दूर ठेवले जात आहे, तोच हा अध्याय आहे. नियमशास्त्र रद्द करायला मी आलो नाही, पूर्ण करायला आलो आहे, असे मत्तय ५:१७ मध्ये तो म्हणतो, आणि पूर्ण करणे या शब्दात पुसून टाकणे कधीच नसते.

मंडळीने या दोन चुकांच्या मधली वाट शोधताना एक विभागणी केली, ती तुम्हाला माहीत असावी. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने मोशेच्या आज्ञांचे नैतिक, विधीविषयक आणि न्यायविषयक असे तीन भाग स्पष्ट मांडले. नाशिकच्या आपल्या शरणपूरला ज्या चर्च मिशनरी सोसायटीने मंडळी उभी केली ती अँग्लिकन होती, आणि अँग्लिकन मंडळीच्या १५७१ च्या एकोणचाळीस कलमांपैकी सातवे कलम हेच सांगते : विधी ख्रिस्ती माणसाला बांधत नाहीत, इस्राएलचे नागरी कायदे कोणत्याही राष्ट्राने स्वीकारलेच पाहिजेत असे नाही, पण ज्यांना नैतिक म्हणतात त्या आज्ञा पाळण्यापासून कोणताही ख्रिस्ती मोकळा नाही. मी स्वतः या विभागणीवर वाढलो आणि आजही दृढीकरणाच्या वर्गाला ती शिकवतो. मात्र एवढ्या वर्षांच्या वाचनानंतर मला तिची मर्यादाही दिसते. लेवीय १९ उघडा. आईबापाचा मान, शब्बाथ म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, मूर्ती, शांत्यर्पणाचे मांस किती दिवसांत खावे, शेताच्या कडेचे धान्य, चोरी, मजुरी, बहिरा आणि आंधळा, शेजारी, दोन जातींचे बियाणे, दाढीची कड, गोंदण, उपरी, तराजू, हे सगळे एकाच श्वासात येते आणि पुन्हा पुन्हा मी परमेश्वर आहे हे एकच वाक्य ऐकू येते. मोशेने आज्ञा तीन टोपल्यांत वेगळ्या करून दिलेल्या नाहीत. म्हणून प्रत्येक आज्ञेजवळ थांबून ती कोणाला दिली, कशाचे रक्षण करण्यासाठी दिली आणि ख्रिस्तात तिचे काय झाले, असे विचारावे लागते. हे काम कष्टाचे आहे, पण एक वचन उचलून दुसऱ्याच्या अंगावर ठेवण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

आता आजीच्या गोंदणाकडे येऊ. लेवीय १९:२८ मध्ये मृतासाठी अंगावर जखमा करून घेऊ नका आणि गोंदवून घेऊ नका असे आहे. इस्राएलच्या आसपासच्या लोकांत शोक करताना अंग कापून घेण्याची रीत होती, आणि जीवनाच्या देवाच्या लोकांनी मृत्यूची खूण अंगावर वागवू नये, हा त्या आज्ञेचा रोख आहे. तुमच्या आजीचे गोंदण तिच्या लहानपणी तिच्या आईने करून घेतले असणार, जसे या भागातल्या हजारो मुलींचे झाले. त्यात तिचा निर्णय नव्हता आणि मृतांचा संबंधही नव्हता. कोणी म्हणेल की तरीही वचन म्हणजे वचन. मग आधीचे सत्ताविसावे वचनही वचनच आहे, आणि त्यात दाढीची कड कापू नका असे सांगितले आहे. गुळगुळीत दाढी केलेल्या कोणा पुरुषाला प्रभुभोजनाच्या वेळी थांबवल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. एकोणिसावे वचन एका शेतात दोन जातींचे बी पेरू नको आणि दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र घालू नको म्हणते. बाजरीत तूर घेणारा शेतकरी आणि टेरिकॉटचा सदरा घालणारा पाळक दोघेही त्याखाली येतात. आणि गोंदणाच्या वचनानंतर चारच ओळींनी, बत्तिसाव्या वचनात, पिकल्या केसासमोर उठून उभा राहा आणि वृद्धाला मान दे, अशी आज्ञा आहे. ज्याने अठ्ठाविसावे वचन वाचले त्याने पुढे आणखी चार वचने वाचली असती, तर आजीला दूर ठेवण्याऐवजी तिला पाहून तो उभा राहिला असता. तुम्ही आजीला प्रभुभोजनाला घेऊन जा. त्या मेजावर कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या रक्ताने ते मेज मांडले त्याचा आहे, आणि विश्वासाने हात पुढे करणाऱ्या कोणालाही त्याने गोंदण पाहून परत पाठवलेले नाही.

मग जुन्या आज्ञा आज वापरायच्या कशा, याचा नमुना पौलाने स्वतः दिला आहे. अनुवाद २५:४ मध्ये मळणीच्या बैलाला मुसके घालू नको अशी आज्ञा आहे. ज्यांनी खळ्यावर बैल फिरताना पाहिले आहेत त्यांना तिचा अर्थ सांगावा लागत नाही. १ करिंथकरांस ९ मध्ये पौल ती घेतो आणि म्हणतो की जो कष्ट करतो त्याला त्या कष्टातील वाटा मिळाला पाहिजे हे त्यातून शिका. आज्ञेचे बाह्य रूप त्या काळाचे आहे, पण आत जपलेली गोष्ट आजही तशीच उभी आहे. याच रीतीने मी वर्गात नेहमी अनुवाद २२:८ घेतो. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. इस्राएलात घरांची छपरे सपाट असत आणि माणसे त्यांवर झोपत, वाळवण घालत. त्यासोबत निर्गम २१:३३ ठेवा, जिथे खड्डा खणून झाकला नाही आणि त्यात बैल पडला तर भरपाई द्यावी लागते. आता आपल्या तालुक्यांतील शेततळी आठवा. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या, निसरड्या उताराच्या त्या तळ्यात मूल पडले तर त्याला वर चढता येत नाही, आणि अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तळ्याला तारेचे कुंपण घालणे, काठाला दोर बांधून ठेवणे, हे दिंडोरीत अनुवाद २२:८ पाळणे आहे. ज्याला नियमशास्त्राची खरी आवड आहे त्याने येथून सुरुवात करावी.

एक अवघड गोष्टही मी टाळणार नाही. नियमशास्त्रात असे काही आहे की जे वाचून आपण अस्वस्थ होतो, आणि झालेच पाहिजे. लेवीय २५ मध्ये परक्या राष्ट्रांतील दास विकत घेण्याची मुभा आहे, आणि कित्येक शतके ख्रिस्ती म्हणवणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते वचन पुढे करून माणसे विकली. पण त्याच नियमशास्त्रात, निर्गम २१:१६ मध्ये, माणूस पळवून विकणाऱ्याला मरणदंड आहे, आणि अनुवाद २३:१५ मध्ये मालकापासून पळून आलेल्या दासाला परत देऊ नको, त्याला तुझ्यामध्ये हवे तिथे राहू दे, असे आहे. प्राचीन जगात पळालेला दास परत करणे हा सर्वमान्य नियम असताना ही आज्ञा त्याच्या नेमकी उलट जाते. यांतील कोणते वचन देवाचे मन अधिक दाखवते हे कसे ठरवावे? सूटपत्राविषयी, म्हणजे बायकोला सोडून देण्याविषयी, विचारणाऱ्या परूशी धर्मपुढाऱ्यांना येशूने मत्तय १९ मध्ये दिलेले उत्तर येथे उपयोगी पडते. मोशेने तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे ती मुभा दिली, आरंभापासून तसे नव्हते, असे तो म्हणाला. म्हणजे नियमशास्त्रातील काही गोष्टी देवाची इच्छा सांगतात, तर काही गोष्टी माणसाच्या दुष्टपणाला कुंपण घालतात, आणि हे कुंपण म्हणजेच देवाची इच्छा असे समजणे ही चूक आहे.

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला हे शिकायला दूर जावे लागत नाही. १८५४ मध्ये मिशनरी विल्यम प्राइस यांनी शरणपूरची वस्ती उभी केली. गणना ३५ मध्ये जीव वाचवण्यासाठी धावत येणाऱ्याकरता जी सहा नगरे राखून ठेवली आहेत, त्यांचा अर्थ या नावातच आहे. पुढे अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे आणली गेली, तेथे ती लिहायला, वाचायला आणि हातकाम शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन याचे शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या अंत्यविधीत त्याने शवपेटीला हात दिला. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ मुक्त झालेल्यांची फ्रेअर टाउन ही वस्ती सुरू झाली आणि शरणपूरला शिकलेले अनेकजण तिकडे गेले. लेवीय २५ हातात धरून चालणाऱ्या जगात या शहराच्या एका कोपऱ्यात अनुवाद २३:१५ पाळले गेले. शरणपूर रोडवरून जाताना मला हे नेहमी आठवते, आणि आपल्या तरुणांना ते कोणी सांगत नाही याचे वाईट वाटते.

खाण्यापिण्याच्या प्रश्नाला मी थोडक्यात उत्तर देतो, कारण नव्या करारात तो सुटलेला आहे. मार्क ७ मध्ये येशूने सांगितले की बाहेरून आत जाणारे अन्न माणसाला विटाळत नाही, आतून बाहेर येणारे विटाळते, आणि मार्काने लगेच लिहिले की असे म्हणून त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवले. प्रेषितांची कृत्ये १० मध्ये पेत्राला सर्व प्रकारचे प्राणी असलेल्या चादरीचा दृष्टान्त झाला आणि त्याचा अर्थ त्याला कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या दारात कळला, तो असा की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये. अन्नाचा नियम माणसांना एकमेकांच्या पंगतीपासून दूर ठेवत होता, म्हणून तो उठला. आपल्याकडे सोवळे-ओवळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे यहुदी वाचकाइतकेच लवकर कळते. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांच्या सोवळ्यापायी घरादाराला काय सोसावे लागले हे ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. ज्या घरांनी एवढ्या यातनेने एक सोवळे सोडले, त्यांच्या नातवंडांवर दुसरे सोवळे लादले जाऊ नये. तुम्हाला डुकराचे मांस नको असेल तर खाऊ नका, त्यात काहीच गैर नाही. फक्त त्याला नीतिमत्व म्हणू नका आणि खाणाऱ्याचा न्याय करू नका, रोमकरांस १४ मध्ये हेच आहे. शेजाऱ्यांनी दिलेल्या प्रसादाचा प्रश्न थोडा वेगळा आहे, त्यासाठी १ करिंथकरांस ८ ते १० एकत्र वाचावे लागते. पौल देवळातल्या पूजेच्या पंगतीत भाग घेऊ नका म्हणतो, पण घरी कोणी प्रेमाने वाढले तर चौकशी करत बसू नका असेही म्हणतो, आणि ज्याच्या विवेकाला ते टोचते त्याच्यासाठी मागे राहा असेही सांगतो. कुंभमेळ्याच्या शहरात आपण शेजाऱ्यांसोबत राहतो. नम्रपणे नाही म्हणणे आणि आदराने स्वीकारणे या दोन्हींना तिथे जागा आहे, तुसडेपणाला मात्र नाही.

शब्बाथाविषयी तुमच्या गटात असे सांगतात की सम्राट कॉन्स्टंटाइनने शनिवार बदलून रविवार केला. त्याने ३२१ मध्ये रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला हे खरे आहे, पण ख्रिस्ती लोक त्याच्या कितीतरी आधीपासून प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी जमत होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले आहे. पौल कलस्सैकरांस २:१६ मध्ये शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये म्हणतो. मला मात्र वारापेक्षा अनुवाद ५ मधील कारण महत्त्वाचे वाटते. निर्गमात शब्बाथाचे कारण देवाची सृष्टी आहे. अनुवादात ते मिसरमधील दास्य आहे, आणि म्हणूनच तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल आणि तुझ्या वेशीतील उपरी यांना तुझ्यासारखाच विसावा मिळावा असे सांगितले आहे. तुमची सुट्टी फिरती असेल तर ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी खरोखर थांबा, प्रार्थना करा, घरच्यांबरोबर बसा, आणि शक्य त्या रविवारी मंडळीत जा. त्याचबरोबर घरी भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्यात एक सुट्टी आहे का, तेही पाहा.

काही लोक याही पुढे जाऊन म्हणतात की मोशेचे दंडही सरकारने लागू करावेत. हे मला पूर्णपणे चुकीचे वाटते आणि त्याचे कारण शास्त्रातच आहे. अनुवादात घोर पापासाठी दगडमाराची शिक्षा सांगून, तुझ्यामधून दुष्टाई काढून टाक, हे वाक्य पुन्हा पुन्हा येते. करिंथच्या मंडळीत गंभीर जारकर्म उघडकीस आले तेव्हा १ करिंथकरांस ५ मध्ये पौलाने तेच वाक्य वापरले, पण सांगितले एवढेच की त्या माणसाला सहभागितेतून दूर करा, आणि तेही त्याचा आत्मा तारला जावा या हेतूने. शिक्षा गेली आणि पश्चात्तापासाठी दार उघडे ठेवणारी शिस्त आली. ख्रिस्ती मंडळी हे राष्ट्र नाही आणि तिच्या हाती तलवार दिलेली नाही.

आता दशांश. मोशेच्या नियमशास्त्रात दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा होता. गणना १८ प्रमाणे तो उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला द्यायचा, कारण त्यांना जमिनीत वाटा नव्हता. अनुवाद १४ प्रमाणे तो कुटुंबाने परमेश्वरासमोर आनंदाने खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावात साठवायचा. कपातीआधीचा पगार की नंतरचा, हा प्रश्न त्या रचनेत कुठेच बसत नाही. नव्या करारात २ करिंथकरांस ९:७ प्रमाणे प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता द्यावे असे आहे. दहावा भाग ही देण्याची चांगली सवय आहे आणि मी स्वतः ती ठेवली आहे, पण तो न देणाऱ्याला शाप सांगणे हे सुवार्तेला धरून नाही. मलाखी ३:१० मधील दशांशाचे वचन तुमच्या गटात नेहमी वाचले जात असेल. त्याच अध्यायाचे पाचवे वचनही एकदा वाचा. परमेश्वर कोणाविरुद्ध साक्ष द्यायला येणार आहे याची यादी तेथे आहे, आणि तिच्यात जादूगार आणि व्यभिचारी यांच्याबरोबर मजुराची मजुरी बुडवणारा आहे.

म्हणून तुमच्या पत्रातील त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. तुम्ही गोंदण, मांस, वार आणि टक्केवारी यांविषयी विचारलेत. नियमशास्त्र तुमच्या घराशी सर्वांत थेट बोलते ते मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या गोष्टीविषयी. लेवीय १९:१३ म्हणते की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, तुझ्याजवळ राहू नये. अनुवाद २४:१५ म्हणते की सूर्य मावळण्यापूर्वी त्याची मजुरी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. त्याने तुझ्याविरुद्ध परमेश्वराकडे हाक मारली तर तुला पाप लागेल. ही आज्ञा यज्ञांबरोबर संपली असे कोणी म्हणू नये म्हणून याकोबाने आपल्या पत्रात ५:४ मध्ये ती नव्या करारात पुन्हा उच्चारली : शेते कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली, ती ओरडत आहे.

तुमच्या वडिलांची अडचण मी समजू शकतो. व्यापारी माल भरून नेतो, थोडे पैसे देतो आणि उरलेल्यांसाठी महिनोन्‌महिने फिरवतो, कधी फोनही उचलत नाही. औषधांच्या दुकानाची उधारी, बँकेचा हप्ता, सगळे त्याच पैशांवर अवलंबून असते. त्यांच्यावरही अन्याय झाला आहे, आणि नियमशास्त्र त्या व्यापाऱ्यालाही मोकळे सोडत नाही. पण पेठ आणि सुरगाण्याकडून विरळणीला आणि काढणीला येणाऱ्या टोळीने त्या व्यापाऱ्याशी व्यवहार केलेला नव्हता. तिने तुमच्या वडिलांच्या शब्दावर काम केले. पिकाची जोखीम बागायतदाराने घ्यायची असते, कारण नफाही तोच घेतो. ज्याच्याकडे उद्याचे पीठ नाही त्याच्यावर ती जोखीम सरकवणे हेच त्या आज्ञेने अडवले आहे.

काय करता येईल ते सांगतो, कारण नुसते वचन ऐकवून मी थांबलो तर माझे उत्तर अपुरे राहील. हजेरीची वही काढून कोणाचे किती राहिले आहेत ते वडिलांबरोबर बसून लिहा, आणि त्यात दिलेली उचल प्रामाणिकपणे वजा करा. ती रक्कम जमेपर्यंत प्रार्थनागटाला दशांश देणे थांबवा. ते पैसे तुमचे नाहीत, मजुरांचे आहेत, आणि दुसऱ्याच्या पैशातून वाहिलेले दान परमेश्वर मागत नाही. तुमच्या पगारातून दर महिन्याला काही भाग देता येत असेल तर टोळीच्या मुकादमाला फोन करून तारीख सांगा, आणि शक्य असेल तर तो एकटाच पैसे वाटणार नाही, प्रत्येकाच्या हातात त्याचे पैसे पडतील असे पाहा, कारण मधल्या हातात अडकलेली मजुरीही न दिलेलीच असते. पुढच्या हंगामासाठी ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळीच मजुरीचा अंदाज काढून ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सुरुवात करा, जेणेकरून व्यापारी कसाही निघाला तरी काढणीच्या दिवशी संध्याकाळी पैसे देता येतील. वडिलांशी बोलताना त्यांना दोषी ठरवू नका. अनुवाद २४ त्यांच्यासमोर उघडून एकोणिसाव्या वचनापासून एकविसाव्यापर्यंत वाचा, जिथे विसरलेली पेंढी आणि द्राक्षमळ्यातील उरलेले घड उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यायला सांगितले आहे, आणि लगेच पुढे कारण दिले आहे की तूही मिसर देशात दास होतास हे आठव. ते स्वतः तरुणपणी दुसऱ्यांच्या बागेत रोजाने गेले असतील, तर त्यांना यापुढे काही समजावून सांगावे लागणार नाही.

हे सगळे आपल्याच्याने होईल का, असे तुम्हाला वाटेल. यिर्मया ३१ मध्ये परमेश्वराने नवा करार देताना नियमशास्त्र रद्द करीन असे म्हटले नाही, ते त्यांच्या हृदयावर लिहीन असे म्हटले, आणि यहेज्केल ३६ मध्ये आपला आत्मा आत घालून आपल्या विधींप्रमाणे चालवीन असे वचन दिले. ते वचन आजीला मिळाले आहे आणि तुम्हालाही. टोळीचे लोक बहुधा दिवाळीनंतर पुन्हा कामाच्या शोधात इकडे येतील. त्यापूर्वी त्यांचे मागचे पैसे त्यांच्या गावी पोहोचवा, आणि जमले तर ते द्यायला वडिलांना स्वतः बरोबर घेऊन जा.